आक्का आडवी आली

अहमदपूरहून टँकर एक दिवस वरच्या आळीच्या आडात रिकामा व्हायचा, दुसऱ्या दिवशी खालच्या. लातूर जिल्हा नवीनच झाला होता, आणि पाऊस पार रुसला होता. एका सकाळी खालच्या आळीच्या सिद्धरामनं वरच्यांच्या वाट्याचा टँकर आपल्याकडं वळवला. त्याच दिवशी वरच्या आळीतल्या भुजंगची पोटुशी बायको ओढ्यातल्या झऱ्यावर घागर घेऊन पडली. भुजंग कुऱ्हाड उचलून खालच्या आळीकडं निघाला.

वाटेत जगदेवीआक्काचं घर. तिचा नवरा मडिवाळप्पा बांधाच्या भांडणात असाच कुऱ्हाडीनं गेला होता. बदल्याला निघालेल्या दिरांना तिनं दारातच अडवलं. तेव्हापासून दीर बोलत नव्हते. मूलबाळ नव्हतं. घरात ती एकटीच.

भुजंगला बघून ती उठली. त्याच्यापुढं उभी राहिली नाही, शेजारून चालायला लागली.

"भुजंगा, सुनबाई कशी हाय?"

"बाजूला हो आक्का! आज त्याला ठेवत न्हाई!"

"हाव. पण ती कशी हाय?"

"घरी पडून हाय. कण्हायलीय."

"तिच्यापाशी कोण हाय?"

भुजंगचा पाय अडखळला. "कुणीच न्हाई."

समोरून सिद्धराम काठी घेऊन येत होता. आक्कानं हात वर केला. "सिद्धराम, तिथंच थांब. ह्याची बायको पडलीय पाण्यापायी."

सिद्धराम थांबला. "मला ठाव नव्हतं," तो हळूच म्हणाला. काठी खाली टेकली.

भुजंग मग मोठमोठ्यानं बोलत सुटला. पाण्याचं, बायकोचं, मेलेल्या बैलाचं. आक्कानं त्याला बोलू दिलं. बोलता बोलता तो खाली बसला आणि रडायला लागला. कुऱ्हाड आक्कानं उचलून घरात ठेवली.

सिद्धरामनं बैलगाडी जुंपून भुजंगच्या बायकोला अहमदपूरच्या दवाखान्यात नेलं. पोटातलं पोर वाचलं. खालच्या आळीनं आपली पाळी सोडली, पुढचे दोन्ही टँकर वरच्या आळीला मिळाले.

त्यानंतर गावात कुठं आवाज चढला की लोक आक्काला बोलवायला धावत. भांडण मिटलं की जो तो आपापल्या घरी जाई.

एकदा भुजंगची बायको पोर कडेवर घेऊन दारावरून चालली होती. आक्का म्हणाली, "बस की जरा."

"भाकरी टाकायच्यात आक्का," म्हणत ती थांबली नाही.

आक्का उंबऱ्यावर बसून राहिली. आईच्या खांद्यावरून ते पोर वळणापर्यंत तिच्याकडंच बघत होतं.