वाइंडिंगवाल्या चाचांची शिकवणी

जगात मला नापास करायची छाती एकाच माणसाची झाली, आणि तो स्वतः सातवी नापास आहे. बीडला त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. आमच्या नांदूरघाटच्या बोअरची मोटार त्यांनी तीनदा नवी तार गुंडाळून भरून दिली आणि ती तीनदा जळली, एवढी जुनी आमची ओळख. मी त्यांना चाचा म्हणते. विसरण्याचा आजार जडलेल्या म्हाताऱ्या माणसांना मायेनं कसं सांभाळायचं, हे चाचा घरोघरच्या लेकीसुनांना फोनवर शिकवतात. स्वतः ते पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडून फोनवरच शिकले.

व्हिडिओ कॉल लावतात आणि सवयीनं फोन कानाला धरतात. त्यामुळे आम्हा नऊ जणींना शिकवणीभर दिसतो तो एक कान, केसाळ आणि ग्रीसनं माखलेला. "चाचा, तोंड दाखवा की!" म्हटलं तर म्हणतात, "तोंडाचं काय काम हाय? मी ऐकायला बसलोय." मधेच "गप बस बे!" असा दम देतात, तो शेजारी बसलेल्या भावाला असतो की घरघरणाऱ्या मोटारीला, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. गृहपाठ एकच. दिवसभराचं आपलं बोलणं रेकॉर्ड करायचं, आधी आपण ऐकायचं, मग त्यांना पाठवायचं. मोटार कुठं बिघडली ते आवाजावरून कळतं, तसंच माणसाचंही, असं त्यांचं ठाम मत.

माझी आई नव्वदीला टेकलेली. रोज सकाळी माहेरी, बीडजवळच्या पालीला, जायला पिशवी घेऊन दारात उभी. "पालीला जाते. दादा वाट बघायलाय." मी तीस वर्षं लाल पेनानं पोरांच्या चुका खोडलेली बाई! चूक दिसली की हात शिवशिवतो. "आई, मामा वारले. दहा वर्षं झाली!" मग आई बसकण मारून रडायची, घासभर खायची नाही, आणि तासाभरानं पुन्हा पिशवी. पुढं पुढं तर मी जवळ गेले की ती भिंतीकडे सरकायला लागली. जन्मदात्या आईनं आपल्याला भ्यावं, यापरीस मेलेलं बरं.

माझं रेकॉर्डिंग ऐकून चाचांनी मला सरळ नापास केलं. म्हणाले, "बाई, तुमी एका दिवसात त्यांच्या भावाला पाच बार मारलं."

मी भडकले. "मग काय खोटं बोलू?"

"खोटं कावून बोलता? दादा कसा व्हता, ते इचारा की." आणि मग हळूच, "अम्मीला बी हाच आजार व्हता. आमी बी तिच्यावर लई ओरडलो. ती गेल्यावर तिचा आवाज ऐकावा म्हणून जुनं रेकॉर्डिंग लावलं, तर त्यात नुस्ता मीच ओरडायलोय."

दुसऱ्या दिवशी आई दारात आली तशी मी विचारलं, "दादा कसा होता गं?" आई पिशवी घेऊन खालीच बसली. दादानं तिला बिंदुसरा नदीत पोहायला शिकवलं होतं. माझी आई पोहायची! मला हे साठाव्या वर्षी कळतंय. बोलता बोलता तिनं माझ्या हातून अर्धी भाकरी खाल्ली. मी न्हाणीत जाऊन रडून घेतलं. माझी आई मला परत मिळवून दिली हो या माणसानं. हे उपकार फिटायचे नाहीत.

पिशवी मात्र सुटेना. परवा चाचा मोटार बसवायला आले, चौथ्यांदा. निघताना आईनं त्यांना गाठलं.

"कुण्या गावचे?"

"बीडचा, माय."

"मंग पालीवरूनच जाशील की." तिनं पिशवी पुढं केली. आत दोन भाकरी आणि ठेचा. "दादाला दे. म्हणावं, बहीण बरी हाय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात चाचांनी दोन्ही हातांनी पिशवी घेतली. "व्हय माय. देतो."

त्या दिवशी आई पुन्हा दारात गेली नाही. संध्याकाळी चाचांचा फोन आला, पिशवी कुणाजवळ पाठवू म्हणून.

"आणि भाकरी?"

"खाल्ली. पालीला, धरणाच्या काठाला बसून." मग म्हणाले, "लई सालांनी कुण्या माईनं बांधून दिलती, बाई."

मी आईजवळ जाऊन बसले. म्हटलं, "आई, भाकरी पोचली गं."

"पोटभर जेवला का?" तिनं विचारलं.

"जेवला," मी म्हणाले.