टाचेतला अमेरिकन गोंद

हल्ली जो तो चिकटवत सुटलाय. चप्पल तुटली, चिकटव. चष्म्याची काडी मोडली, चिकटव. गोंदाच्या बोटाएवढ्या नळीपुढं सगळं जग हात जोडून उभं. मी शिकलो चौथीपर्यंत, तेही माराच्या भीतीनं. पण मोडलेलं लाकूड खुंटी ठोकून सांधावं आणि फुटलेली बशी उकिरड्यावर टाकावी, एवढी अक्कल मला शाळेआधीच होती.

ही नळी मी पहिल्यांदा पाहिली ती जावयाच्या खिशात. जावई भिसेगावात राहायचा, मुंबईला कारखान्यात जायचा आणि लोक पेन अडकवतात तशी खिशात नळी बाळगायचा. साल ऐंशीच्या पुढचं. खालापूरकडच्या आमच्या शेतात कापलेलं भात आडवं पडलेलं, माथेरानच्या अंगाला आभाळ काळं झालेलं, आणि माझी उजवी टाच उभी फाटलेली. मजूर दुसऱ्यांच्या बांधावर. पावसाआधी भारे खळ्यावर आले नाहीत तर वर्षाचं भात जागच्या जागी कोंब काढणार.

जावई आला होता मदतीला, पण आधी ओटीवर बसून त्यानं माझ्या बायकोच्या कपाचा तुटका कान चिकटवून दिला. बायको देव पावल्यागत बघत राहिली.

"ह्यो कसा सापडला, ठाव हाय का मामा?" तो म्हणाला. "दुसऱ्या मोठ्या लढाईत अमेरिकावाले बंदुकीचा नेम धरायला प्लास्टिकची काच करत होते. ह्ये रसायन जिथं लागंल तिथं चिकटाया लागलं, म्हणून टाकून दिलं. मागनं काही वर्षांनी कळलं, अरे, ह्यो तर गोंद!"

"करायला गेले गणपती नि झाला मारुती," मी म्हटलं. "आणि त्याचं तुमाला कवतिक!"

"पुढं आणिक एका लढाईत शिपायांच्या जखमांवर फवारला त्यांनी. रगत थांबायचं. डॉक्टरांचा आता येगळा असतो. ह्यो मात्र अंगाला लावायचा नाय, भाजतो." एवढं सांगून नळी तिथंच ठेवून तो भारे बांधायला शेतात गेला.

मी टाचेकडं बघितलं. गोऱ्या शिपायाला चालतो आणि मला नाही? माझी टाच काय लोण्याची? आमच्याकडं भेगेत राळ नि मेण भरतात. दोन्ही वितळवायचं, कापसाची वात त्यात भिजवायची आणि भेगेत दाबायची. पण राळ धरेपर्यंत दोन दिवस पाय टेकता येत नाही, आणि आभाळ दोन तास थांबायला तयार नव्हतं. मी भेगेत कापूस ठासला आणि वरून अख्खी नळी पिळली.

कापसातून धूर निघाला. वात पेटवून टाचेत खुपसावी तसं भाजलं. दाबायला गेलो तो हाताचा अंगठाही टाचेला चिकटला.

बायको धावत आली आणि मदत करायची सोडून हसत सुटली. "अवो, जन्मात कदी कुणाचे पाय धरले नायत, आणि आज धरले ते सोताचेच!"

तिच्या हसण्यानं जावई परत आला. "कापूस घातलात? अवो मामा, कापसाला लागला की तो इस्तवागत तापतो! वढू नका, कातडं येईल." त्यानं घमेल्यात कोमट साबणाचं पाणी केलं आणि माझा पाय हातासकट त्यात सोडला. 'सांगितलं होतं' असं काही तो म्हणाला नाही. मी असतो तर दहादा म्हटलं असतं.

मग त्यानं टेरिकॉटची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. तो आणि बायको डोक्यावरून भारे आणून ओटीसमोरच्या खळ्यावर उडवी, म्हणजे भाऱ्यांची गंजी, रचत राहिले आणि मी घमेल्यात वाकून ओटीवरून ओरडत राहिलो, "कणसं आत, बुडखं भायेर! उडवी रचताय का उकिरडा?"

शेवटचा भारा चढला आणि सर आली. तोवर अंगठा सुटला होता. भात वाचलं, पण उडवी डावीकडं झुकलेली. ते मी सांगितलंच.

"या की," जावई भिजत खालून म्हणाला, "सरळ करून द्या."

मी टाच टेकून बघितली आणि परत खाली बसलो.