वळणावरचा म्हसोबा हलवणारे श्रीधरपंत

श्रीधरपंतांना साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून हा गौरव अंक निघतोय, आणि आमच्या वस्तीतर्फे मी लिहावं असं सगळ्यांनी ठरवलं. पंतांच्या नोकरीबद्दल, नकाशांबद्दल शिकलेली माणसं लिहितील. मी शाळा तिसरीत सोडली. मला पाथर्डी रस्त्यावरच्या आमच्या वळणाचं ठाऊक आहे, तेवढं लिहिते.

पंत नगरपालिकेत रस्त्यांची कामं बघणारे ओव्हरसियर होते. त्यांची आणि माझी पहिली गाठ भांडणानं पडली. भर उन्हात सायकल झाडाला टेकवून ते वळणावर टेप धरत होते आणि मोजता मोजता चपलांसकट म्हसोबाच्या ओट्यावर चढले. मी दारातूनच ओरडले, "ओ साहेब, पायतान काढा. देव हाय तिथं." त्यांनी खाली पाहिलं, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि तसेच अनवाणी डांबरावर पुढचं माप घेत राहिले. डांबर पाघळलं होतं. पाय भाजत असणार, पण तोंड वाकडं केलं नाही. मनात म्हटलं, हा माणूस हट्टी दिसतो.

तो म्हसोबा कसा झाला ते सांगायला हवं. माझा मधला मुलगा बबन कारखान्यातून सायकलीवर घरी येत होता. त्या वळणावर ट्रकनं उडवला. जागेवर गेला. आमच्याकडं माणूस असा वाटेत गेला की त्या जागी दगड ठेवतात. वस्तीनं दगड ठेवला, शेंदूर लावला, पुढं ओटा बांधला. वर्षभरात लोक त्याला वळणाचा म्हसोबा म्हणू लागले. दिवाबत्ती माझ्याकडं होती.

त्याच सुमाराला नगर वाढत वाढत आमच्यापर्यंत आलं. नवे कारखाने आले, ट्रक आले, एसटीच्या गाड्या वाढल्या, आणि भोंगा झाला की सायकलींचा लोंढा. रस्ता मात्र होता तेवढाच, बैलगाडीपुरता. वळणावर माणसं पडू लागली. एकाचा पाय उसाच्या गाडीच्या चाकात गेला. लोक म्हणाले, म्हसोबा कोपला. मग शेंदूर वाढला, नारळ वाढले, कुणी कोंबडं कापलं. तरी माणसं पडायची थांबेनात.

एक दिवस पंत दारात येऊन म्हणाले, "सोनाबाई, उद्या सकाळी भोंग्याच्या वेळेला माझ्याबरोबर वळणावर उभ्या राहाल?"

मी म्हटलं, "मला कशाला? तुमाला डोळं न्हाईत?"

"आहेत. पण मी सांगितलेलं तुम्हाला खरं वाटणार नाही. तुम्हीच बघा."

गेले. पंत माझ्या शेजारी उभे राहिले. सायकली येऊ लागल्या. वळण आलं की प्रत्येक जण हँडलवरचा हात उचली, छातीला लावी, कपाळाला लावी, मान झुकवी. सायकल हेलकावे खाई. एक पोरगा बहिणीला डबलसीट घेऊन आला, त्यानंही हात सोडला. बहिणीनं तर दोन्ही हात जोडले. पाठीमागून पाथर्डीची एसटी आली. तिच्या ड्रायव्हरनं पण स्टीअरिंगवरचा हात काढून नमस्कार केला. पोरगी पडता पडता राहिली आणि एसटी हातभरावरून गेली.

सगळ्या नगरात रस्त्याकडं बघायची जी एक जागा, तिथंच माणसं देवाकडं बघत होती.

मी म्हटलं, "पंत, म्हंजे माझा बबन मारतोय का लोकांना?"

ते म्हणाले, "बबन नाही सोनाबाई. जागा."

कुणी एवढ्या कमी शब्दांत माझ्याशी खरं बोललं नव्हतं. सांत्वनाला आलेली माणसं तासतासभर बोलून गेली होती.

दुष्काळाचं वर्ष होतं. दुष्काळी कामातून वळण छाटायचं, रस्ता रुंद करायचा आणि सायकलींना कडेनं मुरमाची वेगळी पट्टी टाकायची, असं काम पंतांनी खटपट करून मंजूर करून घेतलं होतं. पण मधोमध म्हसोबा. पाऊस पडला की मजूर आपापल्या गावाला जाणार आणि काम कायमचं राहणार, हे त्यांना दिसत होतं. वरचे साहेब म्हणाले, पोलीस घ्या आणि एका सकाळी दगड उचला. पंतांनी नकार दिला. म्हणाले, "बंदोबस्तात हलवलेला देव दुसऱ्या दिवशी परत येतो. आणि तो दगड एका आईचा आहे. ती म्हणेल तेव्हा हलेल." त्यावरून त्यांना बोलणी बसली. मला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही, मला मुकादमाकडून कळलं.

वस्ती तर पेटलीच होती. आमच्यातले जाणते रामभाऊ पारावर गरजले, "म्हसोबाला हात लावाल तर वस्तीची राख हुईल. त्या बामनाला काय, तो सायकलीवर बसून घरी जाईल."

पंत समोरच उभे होते. म्हणाले, "रामभाऊ, मला या वळणावरूनच घरी जायचं असतं."

लोक हसले, पण हलेना कुणी. मग मी उठले. म्हटलं, "पोरगा माझा, दगड माझ्या पोराचा. रामभाऊ, तुजी सून रोज त्या वळणावरून जाती. तिला आधी इचार आन मग गरज." रामभाऊ बसले.

माझं आणि पंतांचं त्यानंतरही जुंपलंच. त्यांनी रस्त्यापासून आत, आमच्या घरांच्या बाजूला जागा काढली होती आणि म्हणत होते की दगडाची पाठ रस्त्याला करायची. मी म्हटलं, "देवाची पाठ रस्त्याला? लोक थुकतील माझ्या तोंडावर."

ते म्हणाले, "तोंड रस्त्याला असलं की चालत्या सायकलीवरून नमस्कार होतो. पाठ असली तर माणसाला उतरून, फिरून समोर यावं लागेल. देवापुढं पायउतार होणं आपल्यात काही नवं आहे का?"

ते मला पटलं. तरी मी विचारलं, "मग माझा बबन दिवसभर बघंल कुनाकडं?"

"तुमच्या दाराकडं," पंत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः दगड उचलून ओटीत घेतला आणि नव्या जागी नेऊन बसवला. हात आडवे धरून पुढं रामभाऊच वाट करून देत होते. माणसाचं असंच असतं.

मग काम सुरू झालं. खडी फोडायला तिसगाव, पाथर्डीकडच्या बाया होत्या, कडेवर लेकरं घेतलेल्या. त्यांची लेकरं उन्हात पडलेली पंतांनी पाहिली आणि घरून चादरी, सतरंज्या आणून बांबूवर सावली केली. पंतांच्या घरच्या, आमच्या काकू, मला म्हणाल्या, "अहो, घरात बसायला पाट तेवढे राहिलेत. पाहुणे आले तर त्यांनाही तुमच्या रस्त्यावर पाठवते." म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी उरलेली सतरंजी त्यांनीच पाठवली. पंतांबद्दल चांगलं लिहायचं तर निम्मं काकूंच्या नावावर घाला.

सायकलींच्या पट्टीवरून नगरपालिकेच्या सभेतही वाद झाला. एक व्यापारी म्हणाले, "सायकलवाल्यांना वेगळी वाट म्हणजे चोचले आहेत. उद्या गाढवांना द्या." पंतांनी आवाज चढवला नाही. "मोटारी नगरात मोजक्या घरांत आहेत, सायकल घरोघर आहे. कामावर जाणारा, शाळेत जाणारा, दूध घालणारा त्याच रस्त्यानं जातो. रस्ता ज्यांच्या पायांवर चालतो त्यांना आधी जागा, उरली तर मोटारीला." टाळ्या फार पडल्या नाहीत. पट्टी मात्र झाली.

पंतांचे दोष लिहायचे नाहीत असा दंडक दिसतो, पण मी लिहिणार. ते एकच गोष्ट दहा वेळा सांगतात. निवृत्त झाले तरी अंधार पडताना नाक्यावर उभे राहतात आणि बिनदिव्याचा सायकलवाला दिसला की थांबवतात. दुसरं कुणी असतं तर चाकातली हवा सोडून दिली असती. पंत त्याला खाली उतरवून त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जातात आणि वाटभर बोलतात. एक पोरगा मला म्हणाला, "आजी, त्यापेक्षा हवा सोडली असती तर बरं झालं असतं." दिवा मात्र त्यानं दुसऱ्या दिवशी बसवला.

या अंकात कुणी त्यांना देवमाणूस म्हणेल. म्हणू नका. देव आम्हाला फुकट मिळतो, नुसता शेंदूर लावला की झाला. सकाळी उन्हात उभं राहून रस्त्यावरची माणसं कशी चालतात ते बघणारा माणूस मिळत नाही.

रस्ता रुंद झाल्यावरही वळणावर कुणी खरचटतं, कुणी पडतं, शिवीगाळ होते. ते चालायचंच. पण तिथं दुसरा दगड बसवायची वेळ आली नाही. संध्याकाळी पोरं येतात, सायकल भिंतीला लावतात, हातपाय धुऊन भाकरीला बसतात. उशीर झाला म्हणून आया त्यांना बोलतात आणि विसरून जातात. त्यांच्यातल्या कितीजणींना पंतांचं नावही ठाऊक नाही. जे घडलंच नाही त्याचे आभार कुणी कुणाचे मानायचे?

माझ्या घरी ते घडलं, म्हणून मला कळतं. तेव्हा त्या सगळ्या आयांच्या वाट्याचं मागणं मीच देवाकडं मागते. पंतांचे गुडघे धड राहोत, नजर धड राहो, काकूंची सोबत राहो. त्यांना भरपूर आयुष्य मिळो, आणि त्यातल्या प्रत्येक दिवशी संध्याकाळी ते सुखरूप घरी पोचोत.

— सोनाबाई, पाथर्डी रस्ता, नगर