मोठीमायचा लॅपटॉप

मोठीमायच्या घरात कुठलीही वस्तू उघड्या फरशीवर किंवा फळीवर बसलेली मी कधी पाहिली नाही. मिक्सरखाली गादी, टेबलफॅनखाली गादी, लोणच्याच्या बरणीखाली गादी. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला गादी असते हे समजण्यासारखं आहे, पण हिनं इस्त्रीलाही शिवली होती आणि ती दोनदा जळाल्यावर तिसरी शिवली होती. वावरातला कापूस बाजारात जायच्या आधी एक पोतं ती मागे ठेवून घ्यायची, हातानं सरकी काढायची आणि वर्षभर त्याच्या लहानमोठ्या गाद्या करत बसायची. "कठीण जागी ठेवलं का वस्तू लवकर मरते," असं तिचं म्हणणं. दिग्रसच्या आमच्या गल्लीत तिची गादी नसलेलं घर शोधून सापडलं नसतं.

मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका लवकर गेले. एकुलता एक निलेश शिकला आणि गेला तो थेट जहाजावर, इंजिनाच्या खोलीत. आमच्या अख्ख्या जिल्ह्यात कुणी पोहायचं म्हटलं तर विहिरीत पोहतो, आणि हा पोट्टा समुद्रावर नोकरीला! तो गेला त्या दिवसापासून मोठीमायच्या पोटात एक भीती येऊन बसली. ती तिनं कुणाला सांगितली नाही. फक्त जेवताना तिचा हात ताटात मध्येच थांबायचा आणि ती कुठेतरी ऐकत असल्यासारखी बघायची.

निलेशचा फोन आला तरी तिचं समाधान होत नसे. "आवाजात त्याले खोटं बोलता येते," ती म्हणायची. "तोंडावर नाही येत. लहानपणी पेपरात नापास झाला तं आवाज कसा खणखणीत ठेवला होता त्यानं! मी म्हटलं, इकडं पाह्य. पाह्यलं, आन रडला." तेव्हा तोंड दिसणं महत्त्वाचं. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिचा एक डोळा नावापुरताच उरला होता आणि मोबाईलवरचा निलेश तिला पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसायचा. म्हणून एका सुट्टीत त्यानं मोठ्या पडद्याचा नवाकोरा लॅपटॉप आणला आणि जाताना माझ्या हवाली केला. कारण माझ्या झेरॉक्सच्या दुकानावर 'कॉम्प्युटरची सर्व कामे' अशी पाटी आहे. त्या सर्व कामांपैकी मला येतात ती दोन: छापणे आणि पुन्हा छापणे. पण पाटीवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला आपण काय बोलणार?

संध्याकाळच्या आत लॅपटॉपची गादी तयार झाली. जांभळ्या कापडाची, कडेला झालर लावलेली, उशीएवढी जाड. तिच्यात तो लॅपटॉप मांजरीच्या पिल्लासारखा रुतून बसला. "छान दिसते," मी म्हणालो. वाचणाऱ्याच्या मनात एव्हाना जे आलं असेल ते माझ्या मनात यायला पुढं किती दिवस लागले, हे न सांगितलेलंच बरं.

पहिल्याच रविवारी निलेशचं तोंड पडद्यावर उगवलं. मोठीमाय पदर सावरून समोर बसली. जहाजावरच्या स्वयंपाक्याबद्दल तो काहीतरी सांगत होता, आणि मध्येच टिक्. पडदा काळा. "लाईट गेली का?" मोठीमायनं विचारलं. वर पंखा फिरत होता. पुढच्या रविवारी तसंच. त्याच्या पुढच्या रविवारीही. लॅपटॉप सुरू व्हायचा, थोडा वेळ नीट चालायचा, आणि पोरगं बोलत असतानाच मरायचा.

"बोलता बोलता जाते रे तो," मोठीमाय मला म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला हसू आलं नाही. "उघड्या तोंडानं जाते. मले ते चांगलं नाही वाटत."

मग माझी वैद्यकी सुरू झाली. मी आधी व्हायरस धरला. एक अँटीव्हायरस टाकला, त्यानं काही सापडेना म्हणून दुसरा टाकला. ते दोघं एकमेकांनाच व्हायरस समजून भांडत बसले आणि लॅपटॉप आणखी लवकर बंद पडू लागला. मग व्होल्टेज धरलं, दुकानातला स्टॅबिलायझर उचलून आणला. त्याच्या घरघरीत निलेशचा आवाज ऐकू येईना. एकदा कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलेली बटणं मी घाईत भलतीच दाबली, आणि निलेश पडद्यावर उलटा झाला, डोकं खाली, पाय वर. मोठीमाय किंचाळली. "अरे, लेकराले सोड! सोड त्याले!" तिकडून निलेश विचारतोय, "काय झालं आई?" आणि मी लॅपटॉपच उलटा धरून उभा.

शेवटी मी तो पिशवीत घालून यष्टीनं यवतमाळला नेला. दुरुस्तीवाल्यानं टेबलावर ठेवून दिवसभर चालवला. सिनेमे लावले, गाणी लावली. एकदाही बंद पडला नाही. "इसमें कुछ नहीं है भाऊ," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू बिघाड दुसरीकडेच आहे. घरी आणून गादीवर ठेवला, सुरू केला, टिक्.

आता मलाही भीती वाटू लागली. परक्याच्या टेबलावर चालणारं यंत्र या एका घरात का मरतं? शेजारच्या बायांनी निकाल दिला की घराला नजर लागली आहे. मोठीमायनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मी, कॉम्प्युटरची सर्व कामे करणारा, हात जोडून बाजूला उभा होतो. नंतर तिनं लॅपटॉपच्या पाठीवर तळहात ठेवला. "याले ताप हाय," ती म्हणाली. मी म्हणालो, "यंत्र गरम होतंच, मोठीमाय." आजारी आहे म्हणून तिनं गादी उसवून त्यात आणखी कापूस भरला.

त्यानंतरच्या रविवारी निलेशचं तोंड वेगळं होतं. मलाही ते दिसलं. दाढी वाढलेली, नजर कॅमेऱ्यावर ठरत नव्हती. इकडची तिकडची विचारपूस झाली, आणि तो म्हणाला, "आई, एक सांगायचं होतं. घाबरू नको, पण..."

टिक्.

मोठीमाय काळ्या पडद्याकडे बघत राहिली. मी बटण दाबत सुटलो. दाबतोय, थांबतोय, पुन्हा दाबतोय. माझ्या खिशात मोबाईल आहे, हे मला फार उशिरा आठवलं. तोवर जहाज बंदरातून निघालं होतं आणि फोन लागेना. संध्याकाळी त्याचा एवढाच निरोप आला: 'रविवारी बोलतो. लॅपटॉप नीट कर.'

"लिहून काहून नाही धाडलं त्यानं?" मोठीमायनं विचारलं.

"लिहिण्यासारखं नसेल."

"म्हंजे?"

असल्या वेळी गप्प बसावं हे मला कळतं, पण नेहमी एक वाक्य बोलून झाल्यावर.

तो आठवडा त्या घरानं निलेशच्या त्या अर्ध्या वाक्यावर काढला. मोठीमाय भाजी निवडता निवडता ते पुरं करून बघायची. "बोटं गेली असतीन का रे मशीनमधी?" मग म्हणायची, "नाही, हात दिसले होते दोन्ही. पाय नाही दिसले." बातम्यांत कुठल्याशा समुद्रात जहाजांवर मारा होत असल्याचं दाखवत. ते लागलं की मी चॅनल बदलायचो, आणि मी बदलतो म्हणूनच तिला ते कळायचं.

शनिवारी तिनं घर सारवायला काढावं तसं आवरायला काढलं. लेक बोलणार म्हणून सगळ्या गाद्यांचे अभ्रे धुतले, कापूस उन्हात घातला. लॅपटॉप नुसत्या पाटावर होता. मी दुपारी येऊन तो सुरू केला आणि कधी मरतो याची वाट बघत बसलो. मरेना. चहा झाला, गल्लीतला भाजीवाला येऊन गेला, तरी पडदा उजळच. ऊन उतरल्यावर मोठीमायनं फुगवलेली गादी आणून प्रेमानं त्याच्याखाली सरकवली, आणि थोड्याच वेळात आमच्या डोळ्यांसमोर त्यानं मान टाकली.

मी लॅपटॉप उचलला. खालून तव्यासारखा तापला होता. पोटाला बारीक भोकं होती, वारा घ्यायची. ती गादीत गच्च बुजलेली. पाटावर ठेवला, थोडा निवू दिला, चालला. गादीवर ठेवला, मेला. इतके महिने माझी अक्कल कुठल्या गादीवर झोपली होती कोण जाणे.

मला ओरडावंसं वाटलं, इतका आनंद झाला. मग मागे वळून बघितलं तर मोठीमाय त्या भोकांकडे बघत होती. मी घाईनं म्हणालो, "कंपनीची चूक आहे. भोकं वर द्यायला पाहिजे होती."

"म्हंजे त्याचा श्वास मीच कोंडून राह्यली होती," ती म्हणाली. "पोरगं सांगत होतं आन मीच त्याचं तोंड दाबलं."

मी दोन-तीन विनोद करून पाहिले. ती हसली नाही. गादी घडी करून तिनं आत नेली.

रविवारी लॅपटॉप पाटावर होता. निलेशचं तोंड उगवलं आणि तो सांगू लागला. त्यांचं जहाज त्या बातम्यांतल्या समुद्रातून जाणार होतं. मार्ग बदलता येत नव्हता. पार होईपर्यंत सगळं बंद ठेवायचं होतं, फोन नाही, नेट नाही. "घाबरू नको आई. सगळी काळजी घेतात ते." तो बोलत होता आणि पडदा स्वच्छ, आवाज स्वच्छ. एवढ्या महिन्यांत मी त्या यंत्राला चाल म्हणून विनवत होतो. त्या दिवशी मात्र मनातल्या मनात म्हणत होतो, आता तरी बंद पड रे बाबा. ते पडलं नाही. तिला शेवटच्या शब्दापर्यंत ऐकावं लागलं.

तिनं तोंड पडद्याजवळ नेलं. एका डोळ्यानं त्याला खालीवर पाहिलं.

"समुद्र दाखव," ती म्हणाली.

त्यानं फोन खिडकीकडे वळवला. निळं, हलणारं, संपतच नाही असं. मोठीमायनं तो आयुष्यात पहिल्यांदा पाहिला असावा. "एवढं पाणी!" ती म्हणाली. "आन इथं नळ तीन दिवसाआड." निलेश हसला. तो हसत असताना ती त्याच्याकडे बघत राहिली. "जेवत जाजो," ती म्हणाली. त्याच्याकडूनच फोन तुटला.

मग ती मला म्हणाली, "खरं बोलून राह्यला होता. खोटं बोलला असता तं बरं झालं असतं."

त्यानंतरचे दिवस मी दुकान उघडत होतो, पण कागद उलटे घालत होतो. एका माणसाला त्याच्या आधारकार्डाऐवजी कोऱ्या पानांची छापील प्रत दिली. तोही घेऊन गेला. मोठीमायनं लॅपटॉप बंद करू दिला नाही. ती त्याच्यासमोर बसून तूर निवडायची, शेंगा फोडायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "जाऊन राह्यला पोट्टा तिकून. येईल." आवाज खणखणीत. तोंडाकडे मी बघत नव्हतो.

एका सकाळी मी दाराशी चप्पल काढत असताना आतून लॅपटॉपची घंटी वाजू लागली. निलेशच होता. दाढी तशीच, दात दिसत होते. "पार झालो आई!"

"चहा घेतला का?" मोठीमायनं विचारलं. तिनं स्वयंपाक्याची चौकशी केली, थंडीची केली, मला "भाऊले दाखव तुझी दाढी" म्हणून पुढं ओढलं. मी रडत होतो, तर "हा असाच हाय" असं त्याला सांगितलं. पुष्कळ वेळ बोलून फोन ठेवला.

मी चहा मांडायला आत निघालो, तेवढ्यात तिनं हाक मारली. ती पाटासमोर तशीच बसली होती. दोन्ही हात जमिनीवर टेकले होते आणि उठायचा प्रयत्न करत होती. एकदा उठू पाहिलं, पुन्हा खाली बसली.

"मले उचल रे," ती म्हणाली.

मी उचललं. मोठ्या घेराची बाई दिसायची, पण वजन मुळीच नव्हतं. खाटेवर ठेवल्यावर तिनं माझं मनगट धरलं, आणि ते बराच वेळ सोडलं नाही.

"त्याले सांगजो नको," ती म्हणाली.

मोठीमाय जाऊन आता दोन पावसाळे झाले. निलेश सुट्टीवर येतो, माझ्या दुकानात बसतो, आई किती धीराची होती हे गिऱ्हाइकांना सांगतो. मी मान हलवतो आणि छापत राहतो.