स्वेटर घालून वॉटर स्कीइंग

ऑक्टोबरात आमच्या मिशिगनच्या तळ्यांवर फक्त बदकं असतात, आणि तीही निघायच्या तयारीत. त्या वर्षी त्यांना निरोप द्यायला आम्ही गेलो.

निमित्त माझा साडू, मिलिंद. त्याला जुनी मोटरबोट स्वस्तात मिळाली होती. (उन्हाळा संपल्यावरच बोटी स्वस्त का होतात, हा प्रश्न आम्हा दोन इंजिनिअरांपैकी एकालाही पडला नाही.)

माझी अडचण निराळी होती. माझी बारा वर्षांची लेक ईशा वर्षभर "मिलिंदकाका इज सो कूल" हा जप करत होती. आणि मी? "बाबा इज... केअरफुल." मधे ती जी थांबायची ना, तेवढ्यात माझी अब्रू जायची. तेव्हा आज पाण्यावर उभं राहायचं म्हणजे राहायचं, असं मी ठरवलं.

तळ्यावर पोचल्यावर मिलिंदनं भाड्यानं आणलेला वेटसूट माझ्या हातात ठेवला. "राजाभाऊ, ह्यात थोडं पाणी शिरतं. शिरू द्यायचं. अंगाच्या उष्णतेनं ते तापतं आणि मग आपल्याला ऊब देतं."

"म्हणजे हीटर मीच?"

"तसंच समजा."

ही योजना माझ्या बायकोला पटली नाही. "मुद्दाम ओलं व्हायचं हे कसलं सोंग? आतून स्वेटर घाला."

"अगं, तो अंगाला घट्ट बसावा लागतो."

"स्वेटर घातलात की बसेलच घट्ट."

दोन्ही इंजिनिअर हरले आणि मी कपडे चढवायला घेतले. थर्मल, त्यावर सासूबाईंनी विणलेला जाड लोकरीचा स्वेटर, त्यावर तो रबरी पोशाख. बायकोनं मला गाडीवर दाबून धरलं आणि मेहुणीनं पाठीमागची चेन ओढली. मग त्यावर लाइफ जॅकेट. माझे हात खाली येईनात. धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या गोऱ्यानं टोपी काढून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, श्रद्धांजलीच होती ती.

पाण्यात उतरलो आणि स्वेटर पाणी प्यायला लागला. असा प्यायला की थांबेचना! वेटसूटमधलं तापवायचं ते थोडंसं पाणी आता बादलीभर झालं होतं आणि हीटर एकटाच होता.

पायांत स्कीच्या फळ्या अडकवून, बोटीला बांधलेल्या दोरीचा दांडा धरून मी मागे पाण्यात, आणि मिलिंद बोट चालवत होता. माझ्यावर नजर ठेवून माझ्या खुणा त्याला सांगायचं काम ईशाकडे होतं. पहिल्या खेपेला मी नाकावर आपटलो. दुसऱ्या खेपेला कशावर ते कळलंच नाही, कारण तोवर मला कुठलाच अवयव जाणवत नव्हता. आता बस झालं. लेकीच्या नजरेत केअरफुल तर केअरफुल, पण जिवंत बाप बरा.

ओरडायला गेलो तर दातखीळ बसलेली. म्हणून एका हातात दोरीचा दांडा धरून मी दुसरा हात वर केला, मूठ वळली आणि अंगठा डावीकडे-उजवीकडे चांगला नाचवला. सोलापुरात आमच्या आळीतलं शेंबडं पोरही ह्याचा अर्थ सांगेल: ठेंगा. मी नाही, जा.

पण माझी लेक जन्मली अमेरिकेत. तिला अंगठ्याचा स्कीइंगमधला अर्थ पाठ होता: वेग वाढवा.

"काका, बाबा वॉन्ट्स फास्टर!" ती किंचाळली. "लुक, ही इज सो एक्सायटेड!"

"शाब्बास राजाभाऊ!" म्हणत मिलिंदनं बोट अशी सोडली, की दांडा सोडावा हे मला सुचलं, पण बोटांनी केव्हाच संप पुकारला होता. आणि काय सांगू, मी वर आलो. पाण्यातून, सगळ्या पाण्यासकट, उभा राहिलो! बाह्यांतून धारा लागल्या होत्या, पोटऱ्यांशी दोन घागरी साठल्या होत्या. ईशानं फोटो काढला आणि पुढच्याच क्षणी मी त्या घागरींसकट आडवा झालो.

दोघांनी ओढून मला बोटीत घेतलं. "जरा जड झालात हो," मिलिंद म्हणाला. ईशा माझ्या ओल्याचिंब गळ्यात पडली.

"बाबा, यू आर नॉट स्केअर्ड ऑफ एनिथिंग!"

त्यासाठी मी आणखी एक स्वेटर घातला असता.

"मग जानेवारीत बर्फ फोडून तळ्यात उडी मारतात ना, त्याला तुझं नाव देऊ?" तिनं विचारलं.

मी जिवाच्या आकांतानं 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. तोंडातून नुसते दात वाजले, आणि थंडीनं मान मात्र वरखाली, वरखाली, अगदी आनंदानं हलत राहिली.