वकिलाचा कान

"घे, घरचा माल," असं म्हणत शरदनं माह्या डोक्यावर मूठभर लाकडाचा भुसा ओतला. सातवीचा सगळा वर्ग खदाखदा हसला. शरद वकिलाचा पोट्टा. माहा बाप लकडगंजले आरा मशीनवर ओंडके उचले.

हे कान पिळण्यावरून सुरू झालं. गणिताच्या मास्तरचा नियमच होता, उत्तर येईल त्यानं न येणाऱ्यांचे कान पिळायचे. गणित मले पटापट ये. एक दिवस शरदचा कान पिळला. तोही हळूच, भेत भेत.

संध्याकाळी त्यानं अन् त्याच्या दोस्तायनं मले नळापाशी गाठलं. दप्तर नालीत फेकलं. "हमालाची पोट्टी माझ्या कानाला हात लावते? पुन्हा उत्तर दे, मग पाहतोच."

मग रोज भुसा. मास्तरले दिसे. पण मास्तर फळ्याकडे पाहे.

मी उत्तरं गिळू लागली. मुंडी खाली घालून उभी राहू. शरद दोस्तायचं ऐकून उत्तर सांगे अन् नख रुतवून माहा कान पिळे. गिळता गिळता खरंच काही येईनासं झालं. फळ्यावर गणित दिसेच ना, त्याचा हात दिसे. सहामाहीत गणितात नापास. गणितात, मी!

"काहून वं, काय झालं तुले?" मायनं विचारलं. बाप म्हणाला, "वार्षिकले असंच झालं तर शाळा बंद. कामाले लाग."

तेव्हा डोकं फिरलं. त्याच्या मस्तीपायी माही शाळा काहून सुटावी?

दुसऱ्या दिवशी मास्तरनं टाकी अन् दोन नळांचं गणित घातलं. शरद मागून म्हणाला, "बसून राहा." मी उठली. उत्तर सांगितलं. बरोबर. शरदले काही आलं नव्हतं. त्याच्यापाशी गेली अन् कान धरला. असा पिळला की तो रडला.

"पुरे," मास्तर म्हणाला.

"नियम तुमचाच आहे, सर."

संध्याकाळी नळापाशी त्यायचा मार खाल्ला. मीही चावली, रक्त काढलं. अन् दुसऱ्या दिवशी मास्तरनं नियमच बंद केला. इतके दिवस माहा कान पिळला तेव्हा चालला, वकिलाचा दुखला अन् बंद!

नियम गेला, पण उत्तरं थोडीच गेली? वार्षिकपर्यंत प्रत्येक गणिताले मी उठली. उत्तर द्यायची, अन् मागं वळून त्याच्या कानाकडे पाहायची. तो हातानं कान झाके. शाळा सुटली नाही माही.

लोक म्हणतात, सोडून दे, लहान होते सगळे. मी काय मोठी होती? नाही सोडत. भेटला तर आधी गणित घालीन. नाही आलं, तर दुसरा कान बाकी आहे.