सहाणेवरची गोळी

सकाळी जाग आली की मी लगेच डोळे उघडत नाही. आधी श्वास बघतो. छातीवर हात ठेवायचा, एक आत, एक बाहेर, मग परत एक. तो चालू आहे अशी खात्री झाली की पाय हलवून बघतो. पाय हलवला की मांडीतून कळ येते आणि कळ आली की जीव भांड्यात पडतो. हे वेड्यासारखं आहे, मला कळतं. पण शिमग्याच्या आधी जे झालं तेव्हापासून ही सवय लागली ती लागलीच.

मी मूळचा परभणीकडचा. सातवीनंतर शाळा सुटली आणि ज्या ठेकेदारानं बोलावलं त्याच्या मागं गेलो. तसाच महाडच्या औद्योगिक वसाहतीत आलो, ड्रम भरायच्या कामाला. राहायला पोलादपूरच्या पुढं, उमरठच्या रस्त्याला एका वाडीत जागा मिळाली. जागा म्हणजे एका म्हाताऱ्या जोडप्याच्या, मी काका-काकी म्हणतो त्यांच्या घराची पडवी, मध्ये भिंत घालून केलेली खोली. त्यांचे दोन्ही मुलगे मुंबईला. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी, खाली थोडा भात, दोन म्हशी आणि ही दोघं. काका मला पहिल्या दिवसापासून ‘घाटी’ म्हणतात. घाटावरून आलेला तो घाटी. मीही पहिल्या दिवसापासून ‘व्हय काका’ म्हणतो आणि माझं ‘व्हय’ ऐकून ते रोज नव्यानं हसतात.

एकदा कामाची पाळी सुटल्यावर सोबतच्या माणसाला दासगावला सोडून परत येताना मोटारसायकल खडीवर घसरली. मांडीचं हाड मोडलं, कमरेचा मणका दबला. मांडीत सळई घातली. हाड जुळेल म्हणाले, पण कमरेतून पायात जी आग उतरायची ती काही थांबेना. साध्या गोळ्यांनी काही होईना, तेव्हा महाडच्या डॉक्टरांनी जोराची गोळी लिहून दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक. “अख्खी गिळायची,” ते म्हणाले. मी मान हलवली. बाहेर रांग होती.

गोळीनं दुखणं कमी झालं हे खरं, पण बाकीचं सगळं बिघडलं. नाक खाजायचं, पाठ खाजायची. घाम असा यायचा की अंथरूण ओलं. तोंडाला कोरड. बोलता बोलता डोळा लागायचा, वाक्य अर्धंच राहायचं. आणि पोट तर कायमचं बंद. सकाळी परसाकडून परत येताना काका अंगणात दात घासत उभे असायचे.

“काय रे घाटी, झाला का काय?”

“नाही काका.”

“कंपनीचा गेट बंद, पोटाचा पण गेट बंद. संप हाय का काय तुझा?”

शेजारच्या घरातून हसण्याचा आवाज यायचा. अख्ख्या वाडीला माझ्या पोटाची खबर होती. काकी मनुका भिजत घालायच्या, पेजेत तूप सोडायच्या, कुणीतरी सांगितलं म्हणून एरंडेलही पाजलं. मला लाज वाटायची. माझ्या आईनं केलं नसतं एवढं ही परकी बाई करते, या विचारानं रडूही यायचं. त्या गोळीनं रडू लवकर येतं की माझंच मन तसं झालं होतं, ते अजून सांगता येत नाही.

पण खरी भीती वेगळीच होती. या घरानं मला ‘आता जा’ म्हटलं तर काय करायचं? गावाला म्हातारी आई एकटी, तिलाच धड दिसत नाही. एसटीत एवढा वेळ बसणं मला शक्य नव्हतं, महाडपर्यंत रिक्षानं गेलो तरी डोळ्यांपुढं अंधारी यायची. चालता येईपर्यंत ही पडवी हातची जाऊ नये, एवढंच मी रोज मागायचो. म्हणून होईल तेवढा त्रास लपवायचो. ओकारी आली तर आवाज न करता काढायचो.

ते लपलं नाही. एका सकाळी गोळी घशातच अडकली आणि पाण्यासकट बाहेर आली. काकी मागं उभ्या.

“रोज असाच होतो?”

“कधी कधी.”

“मग अशी बाहेर पडली की पोटात काय जात असंल तुझ्या? उगाच कळा सोसतोस.” गोळी धुळीत पडली होती. त्यांनी पाकिटातली दुसरी काढली, हातात फिरवून बघितली. “येवढी थोराड गोळी अशीच्या अशी गिळतात होय? माझ्या पोरांना मी कधी औषध गिळायला लावला नाय. सगळा उगाळून दिला.”

देव्हाऱ्याच्या बाजूच्या फळीवरून त्यांनी सहाण काढली. मुलांची बाळगुटी याच सहाणेवर व्हायची. मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, एकेकाचे मोजून वेढे. नातवंडं मुंबईला झाली, त्यांना बाटलीतले थेंब, त्यामुळे सहाणेला आता फक्त चंदनाचं काम उरलं होतं. काकींनी ती धुतली, दोन थेंब पाणी टाकलं आणि गोळी धरून उगाळायला बसल्या. वरचं रंगीत साल गेलं, खाली पांढरं निघालं. संपत आली तसं बोटाला लागेना, तेव्हा उरलेला तुकडा चमच्याच्या पाठीनं रगडला. मग मध घालून सगळं बोटानं निपटून वाटीत.

“अख्खी सांगितलीय ना डॉक्टरनी? ही बघ अख्खी. कणभर पण सांडू दिला नाय.”

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, किती सोपं होतं. कडू लागलं, पण घशात अडकलं नाही. काकी समोर बसून वाटी रिकामी होताना बघत होत्या. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, पोरानं औषध न थुंकता घेतल्यावर आईचा होतो तसा.

मी अंगणात खाटेवर येऊन बसलो. काका शेतात राब भाजायला तोडून आणलेल्या पाल्याच्या पेंढ्या बांधत होते. ऊन कोवळं होतं. आणि मग हळूहळू दुखायचं थांबलं. कमी झालं असं नव्हे, थांबलंच. अपघातानंतर पहिल्यांदा मला कंबर आहे हे विसरायला झालं. मी काकांना सांगणार होतो. जीभ जड झाली होती, म्हटलं जरा वेळानं सांगू.

पुढचं मला काकांनी सांगितलेलं.

त्यांनी पेंढी बांधता बांधता नेहमीसारखी हाक मारली, “काय रे घाटी, झोपलास काय बसल्या बसल्या?” माझं ‘व्हय’ आलं नाही. परत म्हणाले. नाही. एरवी झोपेतही मी ‘व्हय’ म्हणतो, म्हणे. त्यांनी जवळ येऊन बघितलं तर ओठ काळपट, श्वास घेतला की पुढचा येतो की नाही अशी वाट बघायला लावणारा. काका ओरडले, “अगो ये बाहेर, हा घाटी कसासाच करतोय.” दोघांनी तोंडावर पाणी मारलं, गालावर चापट्या मारल्या. शेजारच्यांच्या सहाआसनी रिक्षात मला आडवं घातलं आणि पोलादपूरच्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर काका माझा कान पिरगाळत होते. तो कान नंतर बरेच दिवस दुखला.

काकींनी निघताना एक गोष्ट केली. सहाण पदरात गुंडाळून बरोबर घेतली. का, विचारलं तर अजून नीट सांगता येत नाही त्यांना. “वाटला, डॉक्टर विचारतील काय दिला म्हणून. मग दाखवू काय?”

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. गोळीचं पाकीट बघितलं, माझ्या पापण्या वर करून बघितल्या आणि विचारलं, “किती गोळ्या घेतल्या यानं?” एक, काका म्हणाले. “एकीनं असं होत नाही. खरं सांगा.” तेव्हा काकींनी पदर सोडून सहाण टेबलावर ठेवली. तिच्यावर पांढरा ओघळ वाळला होता. बाईंना तेवढं पुरलं. त्यांनी लगेच उताऱ्याचं इंजेक्शन मागवलं.

मला जाग आली ती दुखण्यानं. सगळं दुखणं एकदम परत आलं, जणू बाहेर दाराशी उभंच होतं. मी घामानं भिजून ओरडत होतो आणि काका मात्र म्हणत होते, “ओरड, ओरड, चांगला ओरड.”

दुसऱ्या दिवसापर्यंत मला तिथंच ठेवलं. औषध पोटात अजून असेल, परत झोप लागू शकते, असं बाईंनी सांगितलं. काकींना त्या रागावल्या नाहीत. एवढंच सांगितलं की ही गोळी आतून दिवसभर थोडी थोडी विरघळेल अशी बनवलेली असते. उगाळली, फोडली, चावली की दिवसभराचं औषध एका दमात अंगात जातं. माणूस झोपतो आणि श्वास घ्यायचं विसरतो. काकी भिंतीला टेकून उभ्या होत्या. सहाण त्यांनी परत पदरात घेतली होती आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

घरी आल्यावर त्या माझ्या खोलीत येईनात. जेवणाचं ताट उंबऱ्यावर ठेवायच्या आणि वळायच्या. मी म्हणालो, “काकी, तुमचं काही चुकलं नाही.” त्या म्हणाल्या, “जेव तू.”

मला गोळीची दहशत बसली होती. मी कुणाला न सांगता ती बंदच केली. दोन दिवसांत नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पायांना क्षणाची स्वस्थता नाही आणि पोट असं सुटलं की परसाकडून खोलीपर्यंतही पोचता येईना. काका म्हणाले, “आता गेट उघडला तो बंद होईना.” पण या वेळी ते हसत नव्हते. महाडच्या डॉक्टरांनी फोनवर चांगलं सुनावलं. अंगाला सवय झालीय, अशी अचानक सोडायची नाही, आम्ही हळूहळू उतरवत आणू. तोपर्यंत घ्या, अख्खी, ओकारीची गोळी आधी घेऊन. म्हणजे घेतली तर भीती, नाही घेतली तर ही गत. सकाळी गोळी हातात धरून मी बसून राहायचो.

त्यातच शिमग्याला काकींचा थोरला मुलगा मुंबईहून आला. माणूस सरळ. माझ्यासाठी फळं घेऊन आला, खाटेवर शेजारी बसला.

“भाऊ, तुमचं वाईट व्हावं असं नाही आमच्या मनात. पण उद्या काही झालं तर? ही दोघं म्हातारी. पोलीस, पंचनामा, कोण बघणार? मला तिथं टेन्शन. ओळखीचा टेम्पो आहे, पुण्यापर्यंत आडवं झोपून जाल. पुढं गावाकडून कुणी येईल.”

मी “बरोबर आहे तुमचं” म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्याचं बरोबरच होतं. मी पिशवी ओढून तीत कपडे भरायला लागलो. वाकता येत नव्हतं म्हणून एकेक कपडा पायाच्या बोटांनी उचलत होतो.

काकींनी उंबरा ओलांडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आत आल्या.

“टेम्पोत कोण असंल याच्या सोबत?” त्यांनी मुलाला विचारलं.

“ड्रायव्हर आहे ना आई.”

“डायवर रस्त्याकडं बघंल का याच्याकडं? वाटेत झोपला तर हाक कोण मारंल?”

“आई, इथं पण झालंच ना तसं.”

हे शब्द तोंडातून गेल्यावर त्यालाच वाईट वाटलं, चेहऱ्यावर दिसलं. काकींनी माझ्या हातातला सदरा काढून घेतला आणि परत दोरीवर टाकला.

“झाला म्हणूनच. मना ठावं हाय आता काय करायचा नाय ते. तिकडं कुणाला ठावं हाय?”

थोरल्यानं बापाकडं बघितलं. काका ओटीवर विडी ओढत होते. म्हणाले, “माझ्याकडं नको बघू रे. माझा ह्या घरात कधी चाललाय?”

टेम्पो गेला. मी राहिलो.

आता रोज सकाळी काकी आधी मऊ भात देतात, ओकारीची गोळी देतात. जरा वेळानं ती दुसरी स्वतःच्या तळहातावर ठेवून समोर धरतात. मी गिळतो. मग “आ कर,” म्हणतात आणि जिभेखालीसुद्धा बघतात. मी चाळिशीला टेकलो, तरी मी आ करतो. सहाण परत फळीवर गेली आहे. चंदन उगाळायच्या आधी त्या आता तिला दोनदा धुतात. मी बघितलंय.

डॉक्टरांनी औषध थोडं उतरवलंय. दुखणं आहे. खाजही आहे. पोटाचं कधी खरं, कधी खोटं. कामावर कधी जाईन, जाईन की नाही, ठेकेदार काय म्हणेल, याचे विचार गोळीबरोबर येतात आणि गोळीबरोबर जातही नाहीत. काठी घेऊन मी आता अंगणाच्या कडेपर्यंत जातो.

काका गोठ्यात शेण काढायला गेले की तिथून हाक मारतात, म्हशींना पाणी दाखवताना मारतात, काही कारण नसताना मारतात. “काय रे घाटी, हाय का?” आणि मी कितीही दमलेला असलो तरी लगेच “व्हय काका” म्हणतो. परवा उत्तर द्यायला जरासा उशीर झाला. तोंडात पाण्याची गुळणी होती, बाकी काही नव्हतं. तर आत भांडं पडल्याचा आवाज आला आणि पिठानं भरलेले हात तसेच घेऊन काकी दारात उभ्या.